भयपटाचे वय कोणी ठरवायचे?

आजीच्या कुशीत शिरून भुताखेतांच्या गोष्टी ऐकण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना भयकथा मुलांना सर्वस्वी वर्ज्य आहे असे म्हणण्याचा अधिकार नाही. मात्र आजी आणि चित्रपट यांत एक मूलभूत भेद आहे. नातवाचा चेहरा उतरलेला दिसताच आजी गोष्ट आवरती घेते. पडदा कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही. वयोनिदर्शक प्रमाणपत्राची आवश्यकता येथूनच निर्माण होते.

ही गरज इतरत्रही फार पूर्वी जाणवली. ब्रिटनमध्ये १९३२ साली भयपटांसाठी 'एच' ही सूचनावजा खूण आली. १९५१ साली तिची जागा 'एक्स' प्रमाणपत्राने घेतली आणि सोळा वर्षांखालील मुलांना अशा चित्रपटांना मज्जाव झाला. अमेरिकेत १९८४ साली 'ग्रेमलिन्स'सारख्या चित्रपटांतील दृश्यांवरून पालकांत नाराजी उमटली, तेव्हा तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा नवा वर्ग त्याच वर्षी काढावा लागला.

आपल्याकडे १९५२ च्या कायद्यातील 'यू' आणि 'ए' या दोन टोकांच्या मधला 'यूए' वर्ग १९८३ साली आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग पाडले. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ही वयोमर्यादा केवळ पालकांच्या मार्गदर्शनासाठी असून तिची अंमलबजावणी अन्य कोणी करावयाची नाही, असेही त्याच दुरुस्तीत म्हटले आहे. 'ए' चित्रपटाच्या दारातून अठरा वर्षांखालील मुलाला परत पाठविता येते; 'सोळा वर्षे' असे लिहिलेल्या चित्रपटाला सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरून आलेल्या पित्यास मात्र द्वारपाल अडवू शकत नाही. चाळणी शासनाने दिली, चाळण्याचे काम घरावर सोपविले.

ते अयोग्य आहे असे नाही. आपल्या मुलाला कशाची भीती वाटते, हे कोणत्याही मंडळापेक्षा आईवडिलांनाच अधिक ठाऊक असते. पण निर्णय ज्याने घ्यावयाचा, त्याला माहितीही मिळाली पाहिजे. 'तुंबाड' (२०१८) आणि 'मुंज्या' (२०२४) या दोन्ही हिंदी भयपटांना कोकणची पार्श्वभूमी आहे. पहिल्याला 'ए' प्रमाणपत्र मिळाले, विनोदाची जोड असलेल्या दुसऱ्याला 'यूए'. हा भेद रास्तच आहे. परंतु नुसत्या अक्षरावरून वा आकड्यावरून त्यामागील कारण कळत नाही. रक्तपात, लैंगिक दृश्ये, एकाएकी दचकविणारे प्रसंग आणि रात्री अंथरुणात पाठ न सोडणारी अनामिक भीती, या चार निराळ्या गोष्टी आहेत. रक्ताचा थेंबही न दाखविता मुलाची झोप उडविता येते.

म्हणून प्रमाणपत्राचे कारण सोप्या मराठीत, दोन ओळींत, तिकीटखिडकीपाशी आणि जाहिरातीत ठळकपणे छापले जावे. २०२१ च्या नियमांनुसार इंटरनेटवरून घरोघरी चित्रपट दाखविणाऱ्या सेवांना आशयाचे असे वर्णन द्यावेच लागते. मग चित्रपटगृहाच्या दारात ते का नसावे? यात बंदीची मागणी नाही, की कलावंताच्या स्वातंत्र्यावर घालाही नाही.

मात्र हे झाले तरी एक गोष्ट उरतेच. सुटीच्या दिवशी घरी कोणाजवळ ठेवायचे या विवंचनेतून मुलाला काळोखात सोबत नेणाऱ्या पालकाला कोणताही आकडा शहाणे करू शकत नाही. आजीकडून आपण गोष्टी घेतल्या. गोष्ट केव्हा थांबवायची, हेही तिच्याकडूनच शिकले पाहिजे.