नवजात बालकाची कावीळ

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेस, डोंगराच्या उतारावर एकावर एक चढत गेलेल्या वस्तींत काय किंवा खालच्या रस्त्यांवरील उंच इमारतींत काय, बाळंतीण घरीं आली कीं एक दृश्य हमखास दिसतें. आजी बाळाला मांडीवर घेऊन दाराशीं बसते, त्याचें तोंड न्याहाळते आणि म्हणते, "पोर जरा पिवळें दिसतें. सकाळचें कोवळें ऊन दाखवा, म्हणजे उतरेल." या सल्ल्यांत सत्याचा अंश खचित आहे; पण त्यावर विसंबून किती थांबावें, हा प्रश्न बाळाच्या मेंदूशीं निगडित आहे.

गर्भांत असतां बाळाच्या रक्तांत तांबड्या पेशी विपुल असतात. प्रौढाची पेशी सुमारें १२० दिवस टिकते. नवजाताची ८० ते ९० दिवसच. मोडलेल्या पेशींतून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. यकृतानें तें विद्राव्य करून पित्तावाटे आंतड्यांत सोडावें व शौचावाटे तें बाहेर पडावें, असा शरीराचा क्रम आहे. परंतु पहिले कांहीं दिवस यकृताचें हें काम मंद चालतें. म्हणून पुऱ्या दिवसांच्या शंभर बालकांपैकीं सुमारें ६०, आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकीं सुमारें ८० बालकें पहिल्या आठवड्यांत पिवळीं दिसतात. आईनें खाल्लेल्या हळदीशीं याचा कांहीं संबंध नाहीं.

हा पिवळेपणा बहुधा तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं सर्वांत अधिक असतो आणि पुढें आपोआप ओसरतो. तथापि, साध्या बाळंतपणानंतर हल्लीं दोन-तीन दिवसांतच आई व बाळ घरीं येतात. म्हणजे तो चढण्याच्या ऐन वेळीं बाळ डॉक्टरांच्या नजरेआड असतें. बिलिरुबिन फारच वाढल्यास तें मेंदूंत शिरतें आणि श्रवणशक्ति व हातापायांवरील ताबा यांची कायमची हानि करूं शकतें. झालेली हानि मागाहून भरून येत नाहीं. वेळींच उपचार झाल्यास ती बहुतेक टाळतां येते.

उन्हाचा गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आला तो एका परिचारिकेमुळें. इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बालकांना अंगणांत उन्हांत नेत असत. १९५६ सालीं त्यांनीं डॉक्टरांना एक बाळ दाखविलें. त्याच्या अंगाचा पिवळेपणा फिका झाला होता. कापडाच्या कोपऱ्याखालीं झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळाच राहिला होता! पुढें १९५८ सालीं डॉ. क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं प्रकाशोपचार प्रसिद्ध केला. निळ्या प्रकाशानें बिलिरुबिनच्या कणांची घडण बदलते आणि यकृताच्या मदतीवांचून तें शरीराबाहेर टाकतां येतें. बाळाचे डोळे झाकून त्याला दिव्याखालीं निजवितात. अंगावरचें पाजणें मात्र चालूंच ठेवतात. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर रक्त बदलावें लागतें.

मग घरचें ऊन कां पुरूं नये? बोळांत येणारें ऊन घटकाभराचें, बाळाचें अंग बहुतेक झाकलेलें, आणि उघडें ठेवावें तर चटका किंवा गारठा बाधण्याचें भय. शिवाय त्या उन्हाची मात्रा कोणीं मोजावी?

पिवळेपणा पाहावयाचा तो दिव्याच्या पिवळ्या उजेडांत नव्हे, तर दिवसां खिडकीपाशीं. कपाळाची व छातीची कातडी बोटानें हलकेच दाबून पाहावी; सांवळ्या बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पाहाव्या. पिवळेपणा चेहऱ्यावरून खालीं उतरत जातो; तळहात व तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पहिल्या २४ तासांतली कावीळ कधींच साधी समजूं नये. बाळ दूध ओढीत नसेल, सुस्त किंवा शिथिल पडलें असेल, चिरक्या आवाजांत रडत असेल वा पाठीची कमान करीत असेल, तर क्षणाचाही विलंब नको. नुसत्या नजरेनें प्रमाण कळत नाहीं. तें तपासणीनेंच ठरतें.

आईचा रक्तगट 'ओ' किंवा आर-एच ऋण असल्यास, बाळ अपुऱ्या दिवसांचें असल्यास, वा थोरल्या भावंडाला प्रकाशोपचार लागला असल्यास अधिक सावध असावें. जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव मुंबईंतील पारशी समाजांत व इतरही कांहीं समाजांत आढळते; मुलग्यांत ती अधिक दिसते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबराच्या गोळ्यांच्या वासानेंही झपाट्यानें मोडूं शकतात. पेटींत जपून ठेवलेलीं थोरल्याचीं झबलीं-दुपटीं प्रेमानें काढून धाकट्याला घालतात, तेथेंच हा धोका दडलेला असतो. नवजाताच्या कपड्यांत त्या गोळ्या मुळींच ठेवूं नयेत.

घरीं करण्याजोगें मुख्य काम एकच: दिवसाकांठीं ८ ते १२ वेळां अंगावर पाजणें. दूध पोटांत गेलें कीं शौचावाटे बिलिरुबिन बाहेर पडतें. पाणी, मध किंवा घुटी यांनीं दुधाची जागा मात्र अडते.

कावीळ १४ दिवसांपलीकडे टिकली, शौच पांढुरकें व लघवी गडद पिवळी होऊं लागली, तर पित्तमार्ग बंद असण्याची शंका घ्यावी. त्यावरील शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आंत झाल्यास यशाची आशा अधिक असते.

सारांश, आजीची नजर अचूक होती. पिवळेपणा सर्वांआधीं तिनेंच ओळखला. त्या नजरेचा मान राखावयाचा, तर बाळाला दारच्या उन्हांत धरून न थांबतां त्याच दिवशीं तपासणीला नेलें पाहिजे.