मधुमेह आणि घरची गृहिणी

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण प्राचीन वैद्यांनी केव्हाच टिपून ठेवले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात या रोगाने ग्रासलेल्यांची संख्या दहा कोटींच्या घरात गेली आहे. हा रोग स्त्रीपुरुषांना सारखेच वागवतो, असा एक समज आहे. तो मात्र खरा नव्हे. ऋतुनिवृत्तीपूर्वी स्त्रीला हृदयविकारापासून निसर्गतःच काहीसे संरक्षण असते. मधुमेह ते बव्हंशी हिरावून घेतो.

शरीराहूनही मोठा भेद स्वयंपाकघरात दिसतो. यजमानांना मधुमेह जडला, की त्यांच्यासाठी निराळी भाजी शिजते, साखरेचा डबा दृष्टीआड होतो, जेवणाची वेळ घड्याळावर बांधली जाते. गृहिणीला तो जडला, तर निराळे शिजवायचे कोणी? तिचे पान शेवटी वाढले जाते. इन्शुलिन टोचून घ्यावे आणि तेवढ्यात दारात पाहुणे यावेत, हे नित्याचेच. जेवण लांबते, रक्तातील साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हातपाय कापू लागतात. आणि घरची मंडळी म्हणतात, दगदग झाली असेल! त्यात उपवास. हरितालिकेचा निर्जळी उपवास एक टोक, तर एकादशीची साबुदाण्याची खिचडी दुसरे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो उपवासाला चालतो, मधुमेहाला नव्हे.

उपवर मुलीची कथा याहून कठीण. लहानपणापासून इन्शुलिनवर वाढलेल्या मुलीचा आजार लग्न ठरेपर्यंत लपवला जातो, आणि मग सासरी सुई टोचायलाही आडोसा शोधावा लागतो. चोरून घ्यावे लागणारे औषध वेळेवर कसे घेतले जाणार?

गरोदरपणात प्रथमच उद्भवणाऱ्या मधुमेहाबाबत केंद्र सरकारने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी कागद असूनही त्या सुटसुटीत आहेत. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, दोन तासांनी रक्त तपासावे. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास उपचार सुरू करावेत. उपाशीपोटी येण्याची अट नाही, त्यामुळे दूरच्या खेड्यातून आलेल्या बाईला दुसरी खेप पडत नाही. प्रसूतीनंतर ही साखर बहुधा आपोआप उतरते. पण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अशा स्त्रीला कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. सव्वा महिना कटाक्षाने पाळणारी घरे त्याच सुमारास येणारी ही तारीख विसरतात. बाळाला टोचण्यासाठी दवाखान्यात नेले जाते. बाळंतीण डिंकाचे लाडू खात घरीच असते, नाहीतर बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बाकावर बसलेली असते आणि तिच्या रक्ताची चौकशी कोणी करीत नाही.