जालन्याच्या घरातील विजेचा दर ठरतो कसा?

भोकरदनच्या दोन खोल्यांच्या घराला, अंबडच्या पिठाच्या गिरणीला आणि जालना एमआयडीसीतल्या पोलाद भट्टीला वीज एकाच कंपनीकडून मिळते. दर मात्र तिघांचे वेगळे. बिल वाढले की आपण महावितरणच्या कार्यालयात जाऊन भांडतो किंवा मंत्र्यांना दोष देतो. हा दर ठरवण्याचा कायदेशीर अधिकार मात्र या दोघांकडेही नाही. तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासमोर जालन्याच्या कोणत्याही ग्राहकाला उभे राहून बोलता येते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घेतली पाहिजे.

दर ठरवणारी संस्था

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. तोपर्यंत दरवाढीत राज्य विद्युत मंडळ आणि सरकार यांचाच शब्द चाले. पुढे विद्युत अधिनियम २००३ आला आणि आयोगाचे अधिकार पक्के झाले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, पारेषणासाठी महापारेषण आणि वितरणासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. महावितरण प्रस्ताव मांडते. दर मंजूर करतो तो आयोग.

प्रस्ताव आला की त्याचा गोषवारा वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो, ग्राहकांच्या सूचना व हरकती मागवाव्या लागतात आणि प्रस्ताव स्वीकारल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कायद्याच्या कलम ६४ मध्येच हे लिहिले आहे.

खर्चाची छाननी

येत्या काही वर्षांत वीज पुरवायला एकूण किती पैसा लागेल, हा पहिला प्रश्न. या रकमेला वार्षिक महसुली गरज म्हणतात. वीज खरेदी, पारेषण, देखभाल-दुरुस्ती, पगार, कर्जावरचे व्याज, घसारा आणि भागभांडवलावरचा ठरावीक परतावा हे सगळे तिच्यात येते. यात वीज खरेदीचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे कोळसा महागला की घरातला दिवाही महागतो.

कंपनीने खर्च दाखवला म्हणून तो जसाच्या तसा मंजूर होत नाही. वितरण गळतीचेच पाहा. तारांतून वाया जाणारी, आकडे टाकून चोरलेली आणि मीटरवर न चढलेली वीज किती टक्क्यांपर्यंत मान्य करायची, याचे लक्ष्य आयोग आधीच ठरवून देतो. गळती त्याहून जास्त झाली तर सगळा भार प्रामाणिक ग्राहकावर टाकता येत नाही. आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार कंपनीच्या हातातल्या बाबींत तोटा झाला तर त्याचा एक तृतीयांश भागच ग्राहकांकडून घेता येई, बाकीचा कंपनीने सोसायचा. बचत झाली तर तिचा दोन तृतीयांश भाग ग्राहकांना मिळे. माझ्या मते संपूर्ण दरप्रक्रियेत सामान्य माणसाच्या बाजूची सर्वांत भक्कम तरतूद हीच होती.

वर्ष संपल्यावर अंदाज आणि लेखापरीक्षित खर्च यांची तुलना होते. तिला ट्रू-अप म्हणतात. तूट राहिली तर ती पुढच्या दरांत चढते, शिल्लक राहिली तर पुढचे दर उतरतात. आज भरलेल्या बिलात काही वर्षांपूर्वीची बाकीही असू शकते, ती अशी.

भट्टी, शेतीपंप आणि घर

जालना पोलादाचे शहर आहे. भट्ट्या आणि रोलिंग मिल यांचा वीजवापर प्रचंड. उद्योगाला वीज पोचवण्याचा खर्च तुलनेने कमी, तरीही त्यांचा दर सरासरी खर्चाच्या वर ठेवला जातो. त्यातून निघालेल्या पैशावर लहान घरे आणि शेतीपंप यांचा दर खाली ठेवता येतो. ही क्रॉस सबसिडी. कोणत्याही गटाचा दर सरासरी खर्चापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली नसावा, असे राष्ट्रीय दर धोरण सांगते.

यातली अडचण जालन्याने ओळखली पाहिजे. वीज परवडेनाशी झाली की मोठा उद्योग स्वतःचा सौर प्रकल्प उभारतो किंवा बाहेरून वीज घेतो. तो गेला की त्याने उचललेला भार उरलेल्या ग्राहकांत वाटला जातो. भट्टीचा दर हा मंठा-परतूरच्या घरांचाही प्रश्न आहे, तो यामुळे.

सरकारचे अनुदान याहून वेगळे. शासनाला एखाद्या गटाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ नुसार तेवढी रक्कम आगाऊ भरावी लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज मिळते. तिचा दर आयोगाने शून्य केलेला नाही. शेतकऱ्याच्या वतीने तो राज्याच्या तिजोरीतून द्यायचा आहे.

टप्प्यांचा हिशेब

घरगुती दर युनिटच्या टप्प्यांनुसार चढतो. ३१ मार्च २०२३ च्या आदेशाने २०२४-२५ साठी ठरलेले दर पाहा : पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज पोचवण्याचा खर्च. सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये, महापालिका क्षेत्रात त्याहून थोडा अधिक. जालना शहराला २०२३ मध्ये महापालिका मिळाल्याने हा फरक शहरवासीयांच्या कामाचा.

बदनापूरच्या एका घराने महिन्यात ९० युनिट वापरले असे धरू. वीज आकार ४२३.९०, वहन आकार १०५.३०, स्थिर आकार १२८. बेरीज ६५७ रुपये २० पैसे. त्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क धरून सुमारे ७६२ रुपये. उन्हाळ्यात कूलर लागला आणि वापर १५० वर गेला, तर बिल सुमारे १,४९५ रुपये. युनिट वाढले ६०, बिल जवळजवळ दुप्पट.

१०० च्या पुढे गेले की सगळेच युनिट महाग होतात, हा समज चुकीचा आहे. पहिले शंभर स्वस्तच राहतात, महाग दर पुढच्या युनिटनाच लागतो. रीडिंग न झाल्याने दोन महिन्यांचे युनिट एकाच बिलात आले, तर टप्पेही दुप्पट करून मिळाले पाहिजेत. असे बिल हातात पडले की आधी हेच तपासावे.

इंधन समायोजन आकार

कोळशाचे आणि बाजारातल्या विजेचे भाव दरआदेशाची वाट पाहत नाहीत. मंजूर खरेदीखर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक बिलात इंधन समायोजन आकार म्हणून येतो. तो अचानक अंगावर येऊ नये म्हणून आयोगाने २०२० मध्ये स्थिरीकरण निधीची सोय केली. २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आली, महागडी वीज घ्यावी लागली आणि हा आकार पुन्हा बिलांत ठळकपणे दिसू लागला. त्यालाही कमाल मर्यादा असते आणि त्याच्या हिशेबाची तपासणी आयोग करतो.

२०२५ : घट, स्थगिती, दुरुस्ती

२८ मार्च २०२५ रोजी आयोगाने पाच वर्षांचा दरआदेश दिला. महावितरण हजारो कोटींची तूट सांगत होती. आयोगाने छाननीअंती शिल्लक दाखवली आणि दर उतरवले. कंपनीने फेरविचार मागितला, २ एप्रिलला आदेशाला स्थगिती मिळाली आणि जुने दर चालू राहिले. २५ जूनला सुधारित आदेश आला, तो १ जुलैपासून लागू झाला. १०० युनिटपर्यंतच्या घरांना त्यात सुमारे दहा टक्के घट होती. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळाली, कारण स्वस्त सौर वीज त्याच वेळी असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या विजेमुळे खरेदीखर्च उतरेल, हा या घटीमागचा मोठा आधार. वाद मात्र मिटला नाही, तो न्यायालयातही गेला.

मूळ आदेशाआधी सहा ठिकाणी सुनावण्या झाल्या होत्या. स्थगितीपूर्वी तशी जाहीर सुनावणी झाली नाही, आणि हे मला अयोग्य वाटते. लोकांना विचारून ठरवलेला दर थांबवतानाही लोकांना विचारले पाहिजे.

कमाल दर कुठे असतो?

आपला आयोग नेमका दर ठरवतो; काही ठिकाणी फक्त कमाल मर्यादा ठरवली जाते. ब्रिटनमध्ये अनेक पुरवठादार आहेत. तिथली ऑफजेम ही संस्था २०१९ पासून युनिट दराला आणि स्थिर आकाराला कमाल मर्यादा घालते व आता ती दर तिमाहीला बदलते. आपल्या कायद्यातही कलम ६२ मध्ये, एकाच क्षेत्रात दोन किंवा अधिक वितरण परवानाधारक असतील तर आयोगाला फक्त कमाल दर ठरवून देता येतो. जालन्यात मात्र महावितरण एकटीच आहे. ग्राहकाला कंपनी बदलता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी सुनावणीचे मोल अधिक.

तुमची हरकत

दरप्रस्तावाची सूचना मराठी वर्तमानपत्रांतही येते आणि प्रस्ताव महावितरण व आयोगाच्या संकेतस्थळांवर असतो. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. मराठवाड्याची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होते. हरकतीत रागापेक्षा आकडा हवा : आमच्या फीडरवर किती तास वीज नसते, किती महिने सरासरी बिल येते, सदोष मीटर बदलायला किती दिवस लागले.

दर बरोबर पण बिल चुकलेले असेल तर मार्ग वेगळा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. पुढच्या दरप्रस्तावाची जाहिरात दिसली की गावातल्या चार घरांची बिले समोर ठेवून एक पानाची हरकत लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा.