भीम नाव ॲपला, ओटीपी मात्र दुसऱ्याच्या हाती!

३० डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या धामधुमीत, केंद्र सरकारने मोबाईलवरून पैशाची देवघेव करण्याचे 'भीम' नावाचे ॲप सुरू केले. 'भारत इंटरफेस फॉर मनी' हे त्याचे पूर्ण नाव. पण बाबासाहेबांच्या नावावरून ते दिल्याचे पंतप्रधानांनी दिल्लीतल्या समारंभात सांगितले. ज्या महामानवाने १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहून ब्रिटिशांच्या चलननीतीची चिकित्सा केली, त्यांचे नाव पैशाच्या ॲपला दिले यात वावगे काही नाही. अभिमान जरूर बाळगावा. पण आम्ही वाचकांना वेगळाच प्रश्न विचारतो. तुमच्या खात्याची किल्ली आज कोणाच्या हातात आहे?

प्रश्नाला कारण आहे. वस्तीतला मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नेट कॅफेत जातो. दुकानात रांग असते, दुकानदार घाईत असतो. तो अर्जात स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, पासवर्डही स्वतःच ठरवतो आणि मुलाच्या हातात एक प्रिंट देऊन मोकळा होतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली की निरोप जातो दुकानदाराच्या फोनवर! मुलाला ते कळेपर्यंत मुदत संपलेली असते. मग शिव्या कोणाला द्यायच्या? सरकारची जबाबदारी सुटत नाही, हे खरेच. पण आपल्या हातात असलेली गोष्ट आपण दुसऱ्याच्या हाती का द्यावी?

ही शिष्यवृत्ती म्हणजे कोणाची खैरात नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्यांचा ४० टक्के ठरला. त्याच वेळी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याचे धोरण आले. म्हणजे पूर्वी समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता सारा खेळ मोबाईल नंबर, आधार आणि बँक खाते या तीन गोष्टींवर येऊन ठेपला आहे. यातली एक जरी चुकली तरी शिक्षण अडते. म्हणून चार गोष्टी रोखठोक सांगतो.

पहिली गोष्ट. अर्ज कोणीही भरून देवो, मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा. एकच नंबर वर्षानुवर्षे चालू ठेवा. स्वस्त योजनेच्या मोहाने दर वर्षी नवे सिम घेणारे आपल्याकडे खूप. नंबर तीन महिने वापरला नाही की कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर तिसऱ्याच माणसाला मिळतो. तुमच्या बँकेचा ओटीपी मग त्याच्या खिशात! कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून बदलता येते. आणि नंबर बदललाच, तर आधी बँक आणि आधारमध्ये तो बदलून घ्या, मग जुने सिम टाका.

दुसरी गोष्ट. 'बँकेत आधारची झेरॉक्स दिली आहे' म्हणजे काम झाले असे समजू नका. आधारवर येणारे सरकारी पैसे एका वेळी एकाच खात्यात जातात. शेवटी जे खाते आधारशी जोडले तेच खाते धरले जाते. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार जोडला, तर शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून कोणती बँक जोडलेली आहे ते फुकट पाहता येते. अर्ज भरण्याआधी पाहा.

तिसरी गोष्ट. पैसे घेताना पिन लागत नाही. पुन्हा वाचा, पैसे घेताना पिन लागत नाही! 'शिष्यवृत्ती जमा करतो, पिन टाका' असे सांगणारा चोर समजावा. ओटीपी साहेबाला नाही, बँकेतल्या माणसालाही सांगायचा नाही.

चौथी गोष्ट आपल्या म्हाताऱ्या आयांसाठी. निराधार पेन्शनचे पैसे अंगठा लावून काढले जातात. एकदा अंगठा लावला की एक पावती मागायची. 'मशीनने घेतला नाही, पुन्हा लावा' म्हटले तरी आधीच्या व्यवहाराची नापास पावती मागायची. घरातल्या शिकलेल्या पोराने आजीचे बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून लॉक करून ठेवावे. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. जाण्याआधी ते उघडायला विसरू नये.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्येच बजावले आहे. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला वकील लागत नाही, पैसाही लागत नाही.

प्रत्येक महाविद्यालयात अर्ज भरून देणारा कक्ष असला पाहिजे, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावीच. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरांनी रविवारी विहारात बसून दहा जणांचे नंबर, खाती आणि अर्ज तपासून दिले तरी कितीतरी जणांचे वर्ष वाचेल. 'शिका' या आदेशात आता स्वतःचा अर्ज स्वतः भरणेही येते. जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातून वस्तीसाठी एक संगणक आणि एक प्रिंटर सहज येतो. विचार करा!