व्यवसायवृद्धीचे साधन म्हणून पॉडकास्ट : पूर्वपरंपरा आणि प्रारंभाची दिशा

प्रस्तावना :
लहान उद्योजकापुढे प्रसिद्धीचा प्रश्न नेहमीच बिकट असतो. वृत्तपत्रातील जागा महाग पडते आणि समाजमाध्यमांवरील जाहिरात पैसे संपताच दिसेनाशी होते. अशा वेळी कमी खर्चाचा पर्याय म्हणून पॉडकास्ट सुचविला जातो. परंतु त्यास लागणारा वेळ कमी नसतो, आणि लहान उद्योजकापाशी नेमकी वेळेचीच टंचाई असते. म्हणून पॉडकास्ट व्यवसायास कोणत्या मार्गाने उपयोगी पडतो व त्याचा प्रारंभ कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटद्वारे क्रमशः प्रसिद्ध होणारी ध्वनिमालिका होय. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात वापरला. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केल्यावर त्याचा प्रसार वाढला. ध्वनिफाईल होस्टिंग सेवेवर ठेवली जाते. 'आरएसएस फीड' या यादीत प्रत्येक भागाचे शीर्षक व फाईलचा पत्ता नोंदलेला असतो आणि श्रोत्याच्या मोबाईलमधील ॲप ती यादी वाचून नवा भाग त्याच्यापुढे आणते. काय ऐकायचे व केव्हा थांबायचे, हे सर्वस्वी श्रोताच ठरवितो. स्वतःहून ऐकावयास आलेला श्रोता केवळ जाहिरात ऐकण्यासाठी थांबत नाही, हे या माध्यमाचे मूलभूत वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते.

पूर्वपरंपरा :
माध्यम नवे असले तरी त्यामागील तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. किर्लोस्करवाडी येथून शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची वार्ता देणाऱ्या या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' या सर्वसाधारण वाचकाच्या मासिकात रूपांतर झाले आणि उद्योगाचे नाव मराठी घरांत पोहोचले. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'चा प्रायोजक टूथपेस्टचा उत्पादक होता. श्रोते मात्र गाण्यांसाठी व अमीन सयानी यांच्या निवेदनासाठी थांबत. पॉडकास्टच्या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने २०१५ मध्ये 'द मेसेज' ही आठ भागांची विज्ञानकथा प्रसृत केली. या तिन्ही उदाहरणांत ऐकणाऱ्याला वा वाचणाऱ्याला आधी काही मिळाले आणि उत्पादकाचे नाव त्यामागून पोहोचले.

प्रारंभाची दिशा :
१) विषय : विषयाची निवड उत्पादनावरून न करता ग्राहकाच्या प्रश्नावरून करावी. ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्याने 'आमची नळी उत्तम' असे सांगितल्यास शेतकरी ऐकणार नाही. ड्रिपर क्षारांनी का बुजतात, त्यासाठी आम्लप्रक्रिया आणि शेवाळासाठी क्लोरीनप्रक्रिया का करतात, हे समजावून दिल्यास तो पुढील भागाची वाट पाहील. खरेदीच्या वेळी ज्याने समजावून सांगितले त्याच्याकडेच तो वळण्याचा संभव अधिक असतो.

२) आवाका : दुकानात वारंवार विचारले जाणारे दहा प्रश्न लिहून काढावेत व दहा भागांची मर्यादित मालिका आखावी. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान तीन भाग तयार असावेत. अमर्याद मालिका जाहीर करून चौथ्या भागात थांबल्यास विश्वास वाढण्याऐवजी घटतो.

३) ध्वनी : पडदे, गाद्या, कपडे असलेल्या खोलीत आवाज कमी घुमतो, मायक्रोफोन तोंडाजवळ ठेवावा. केवळ बोलण्यासाठी ६४ केबीपीएस मोनो ध्वनी सहसा पुरेसा होतो. त्यानुसार वीस मिनिटांचा भाग सुमारे ९.६ एमबीचा होतो.

४) हक्क : होस्टिंगचे खाते व्यवसायाच्या नावे असावे, अन्यथा तयार करून देणारी व्यक्ती सोडून गेल्यास श्रोतेही हातचे जातात. चित्रपटगीतांचा वापर परवान्याशिवाय करू नये. कॉपीराइट अधिनियम, १९५७ येथेही लागू होतो.

मूल्यमापन व मर्यादा :
डाउनलोडचा आकडा म्हणजे ऐकलेला भाग नव्हे. अमेरिकेतील इंटरॲक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरोच्या मार्गदर्शक निकषांनुसार किमान एक मिनिटाचा ध्वनी उतरल्यासच डाउनलोड धरला जातो आणि त्याच श्रोत्याने चोवीस तासांत तोच भाग पुन्हा उतरविल्यास तो दुसऱ्यांदा मोजत नाहीत. व्यावसायिकासाठी याहून उपयुक्त नोंद साधी आहे : प्रत्येक नव्या ग्राहकास 'आमच्याविषयी कोठे कळले?' असे विचारून उत्तर वहीत लिहावे. पन्नास श्रोत्यांपैकी पाच ग्राहक झाले, तर तो आकडा लहान दुकानास मोठाच आहे.

हे साधन सर्वांसाठी नाही. जेथे खरेदी केवळ किमतीवरून व क्षणात होते, त्या किराणा दुकानास त्याचा लाभ थोडा. शेती अवजारे, सौर पंप, घरबांधणी, प्रशिक्षण अशा क्षेत्रांत ग्राहक निर्णयापूर्वी बराच काळ विचार करतो. तेथे लाभाची शक्यता अधिक असते.

समारोप :
वाणिज्य व मराठी विभागांच्या अध्यापकांना येथे संयुक्त कार्यास वाव आहे. विद्यार्थ्यांनी परिसरातील एका व्यावसायिकाकडे येणारे प्रश्न गोळा करावेत, सुबोध मराठीत संहिता लिहावी आणि दहा भागांनंतर ग्राहकांच्या नोंदी तपासाव्यात. नोंदींत काही न आढळल्यास मालिका थांबविण्याचा सल्लाही देता आला पाहिजे, कारण लहान व्यावसायिकाचा वाया जाणारा प्रत्येक तास त्याच्या धंद्यातूनच वजा होत असतो.