बावन्न आठवड्यांचा हिशेब

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एका दिवसाहून अधिक काळ रुळांवर असते. नागपूर, अकोला, भुसावळ मागे टाकून ती मनमाडला दक्षिणेकडे वळते आणि पुढे बेलापूर नावाचे स्थानक लागते. श्रीरामपूर गावाचे स्थानक ते हेच. या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे रोहन बोपण्णाच्या साथीने आशियाई स्पर्धेतील मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक गळ्यात घालून उभी होती. तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ जिंकला आणि निर्णायक टायब्रेक १०-४.

त्या एका दिवशी तिचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र टेनिसपटूचे आयुष्य अशा दिवसांवर चालत नाही. ऋतुजा महिला एकेरीच्या पहिल्या शंभरात कधी आली नाही. तिथे पोहोचलेली भारतीय महिला आजवर एकच, सानिया मिर्झा. ऋतुजा अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, मार्च २०२० मध्ये दुबईत फेडरेशन चषकाच्या प्ले-ऑफपर्यंत प्रथमच मजल मारणाऱ्या भारतीय संघात तिने एकेरीचे सामने खेळले, आणि उरलेली वर्षे गेली ती आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या खालच्या दर्जाच्या स्पर्धांत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर होणारी महिलांची स्पर्धा त्यातलीच. या स्पर्धांना दूरचित्रवाणी नसते, गर्दी नसते. सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ऐकायला बरे वाटते, पण ते सगळ्यांत वाटले जाते. एकेरीच्या विजेतीला साधारण २,३५० डॉलर आणि पहिल्याच फेरीत हरणारीला दीडशेच्या आसपास. त्यातून विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवण आणि प्रशिक्षकाचा खर्च भागवायचा. बहुतेक जणी प्रशिक्षकाला सोबत नेतच नाहीत.

अव्वल खेळाडूसोबत प्रशिक्षक, फिजिओ, व्यायामतज्ज्ञ, कधी आहारतज्ज्ञही असतो. चारशेव्या क्रमांकावरच्या खेळाडूचे शरीरही तेच काम करते, तितकीच सर्व्हिस मारते, तितकेच धावते. फरक एवढाच की त्या शरीराची देखभाल तिची तिलाच करावी लागते. छोट्या स्पर्धेत आयोजकांचा फिजिओ असतो खरा, पण तो साऱ्या खेळाडूंचा असतो आणि सामन्याआधी त्याच्या टेबलापाशी रांग असते.

यात भर पडते ती क्रमवारीच्या नियमाची. टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांत कमावलेल्या गुणांवर ठरते. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण आज गळून पडतात. तेवढेच नव्याने मिळवले नाहीत, तर घसरण ठरलेली. ऑस्ट्रियाच्या तमिरा पासेकने २०१२ च्या उन्हाळ्यात ईस्टबोर्नची स्पर्धा जिंकली आणि सलग दुसऱ्या वर्षी विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती जगात २६ वी होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या दोन स्पर्धांचे गुण गळाले, तसे जमले नाही आणि ती शंभरीबाहेर फेकली गेली. नंतरची वर्षे तिनेही छोट्या स्पर्धांतच काढली.

आता या नियमाशेजारी शरीराचे वेळापत्रक ठेवून पाहावे. पोटाचा स्नायू ताणला तर बरा व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. टेनिसमध्ये ही दुखापत वेगळ्याच बाजूला होते: उजव्या हाताने सर्व्हिस करणारीच्या पोटाचा डावा स्नायू फाटतो, कारण चेंडू उंच फेकून मागे वाकलेले धड झटक्यात पुढे आणण्याचे काम तो करतो. कमरेच्या मणक्याला वारंवार ताणामुळे सूक्ष्म तडा गेला, आणि किशोरवयीन खेळाडूंत तो अनेकदा जातो, तर तीन ते सहा महिने. दुखापतग्रस्त खेळाडूला जुन्या क्रमवारीवर परत येता यावे म्हणून ‘संरक्षित क्रमवारी’ची सोय आहे, पण ती किमान सहा महिने खेळाबाहेर राहिलेल्यांसाठी. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेलीला ती उपयोगी पडते. दोन-अडीच महिन्यांच्या दुखण्याला काहीच संरक्षण नाही, आणि खेळाडूंची बहुतेक दुखणी नेमकी त्याच लांबीची असतात. मग पट्ट्या बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन कोर्टवर उतरणे हा मूर्खपणा राहत नाही, तो हिशेब होतो. डॉक्टरने ‘सहा आठवडे विश्रांती’ लिहिलेली चिठ्ठी हातात घेऊन बसलेल्या खेळाडूला ती चिठ्ठी क्रमवारीत किती जागांना पडेल हे तोंडपाठ असते.

टेनिसचा एक गुण बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपतो. त्यानंतर २५ सेकंदांपर्यंत विश्रांती. दोन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ जेमतेम २० ते ३० टक्के भरतो. म्हणजे हा खेळ मॅरेथॉनसारखा नाही. शेकडो छोट्या झटापटींचा आहे. सर्व्हिस करताना अव्वल महिला खेळाडूचा दंड खांद्यात सेकंदाला हजार अंशांहून अधिक वेगाने आत वळतो. हातावर असेच पंखे फिरत राहिले तर सेकंदात जवळपास तीन फेऱ्या होतील. हा वेग निर्माण होतो पायांतून आणि कमरेतून. खांदा तो फक्त पुढे पोहोचवतो आणि मग थांबवतो. इजा होते ती बहुतेकदा थांबवताना. पाय थकले की त्यांचे काम खांद्याच्या माथी येते, म्हणून तिसऱ्या सेटमध्ये दुखणाऱ्या खांद्याचा उपचार अनेकदा मांड्यांच्या व्यायामात सापडतो.

खांद्याखाली कोपर. तिथे पैसा थेट शरीरात शिरतो. आजच्या बहुतेक खेळाडू रॅकेटला पॉलिएस्टरची कडक तार लावतात. चेंडूला फिरकी छान मिळते, पण ती तार धक्का फारसा गिळत नाही आणि काही तासांतच ढिली पडते. अव्वल खेळाडू सामन्यात नव्या चेंडूंबरोबर रॅकेटही बदलते. ज्यांना दर वेळी गटिंगचे पैसे मोजावे लागतात त्या तीच तार जास्त दिवस ओढतात. ढिल्या तारेतून चेंडूला पूर्वीचीच धार हवी तर हात अधिक जोराने फिरवावा लागतो.

दुहेरी हा या साऱ्यातून काढलेला एक जुना मार्ग आहे. अर्धेच कोर्ट सांभाळायचे, धाव कमी, आणि अनेक स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. सानिया २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी होती. मग मनगट आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तिने एकेरी सोडली आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली आली. बार्शीची प्रार्थना ठोंबरे तिच्याच साथीने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरली. तिथे चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडली आणि तीन सेट चाललेला सामना तिसऱ्या सेटमध्ये ५-७ असा निसटला. वेळ लागला पावणेतीन तासांच्या आसपास. दुहेरी सोपी असते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ऋतुजाचा सुवर्णपदकाचा साथीदार बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली आहे हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे, आणि पुण्यात जन्मलेल्या अय्यंगार योगाने आपल्याला आधार दिला असेही. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे जेतेपद मिळवले.

महिला खेळाडूच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. प्रवासात, परक्या देशात, हाती मोजके पैसे असताना पोटभर आणि नीट खाणे हे सोपे काम नाही. खर्च होणारी ऊर्जा आणि खाल्लेली ऊर्जा यांचा मेळ बसला नाही की शरीर आधी काटकसर करते ती प्रजननसंस्थेत. पाळी अनियमित होते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव दिले. तीन महिने पाळी आली नाही तर ‘सरावामुळे होते’ असे म्हणून सोडून देणे चुकीचे आहे. मणक्याच्या किंवा पायाच्या सूक्ष्म तड्याची ती आगाऊ सूचना असू शकते.

त्याच्याच जोडीला लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षय झालेली मुलगी आळशी नसते. तिच्या रक्तात स्नायूंपर्यंत प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अपुरी असते. गोंदियासारख्या भाताच्या जिल्ह्यात ताटातून ऊर्जा मिळते, पण लोह आणि प्रथिने मागून घ्यावी लागतात: डाळ, अंडे, मासे, पालेभाज्या. सोबत लिंबाची फोड, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही.

गोंदियाचा विषय निघाला की ऊन येणारच. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. महिला टेनिसने तीव्र उष्णतेत दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटमध्ये दहा मिनिटांची विश्रांती १९९२ पासूनच देऊ केली. हल्ली त्यासाठी नुसते तापमान पाहत नाहीत. ऊन, दमटपणा आणि वारा या सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक काढतात, आणि तो ३०.१ च्या पुढे गेला की नियम लागू होतो. म्हणूनच पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या ४२ अंशांपेक्षा पाऊस पडून गेल्यावरचे दमट ३४ अंश काही वेळा शरीराला जड जातात. कोरड्या हवेत घाम सुकतो आणि अंग थंड होते. धानाच्या बांध्या भरल्यावरच्या हवेत तो नुसताच गळतो. खेळाडूच्या अंगातून तासाला एक ते अडीच लिटर घाम जाऊ शकतो, आणि त्याबरोबर मीठही. शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. हे दिवस सरावाच्या वेळापत्रकात आधीच धरलेले असावे लागतात. उन्हाळी शिबिराच्या पहिल्याच दिवशी मुलांना मैदानाच्या वीस फेऱ्या मारायला लावणाऱ्या शिक्षकांनी निदान एवढे तरी वाचावे.

विदर्भाच्या या पट्ट्यात तर आणखी काळजीचे कारण आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. देशपातळीवरचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यातून तपासणी केंद्रे वाढली. वाहक, म्हणजे ज्याच्या अहवालात ‘एएस’ लिहिलेले असते, तो आजारी नसतो आणि खेळायला त्याला मनाई नाही. जगभरात वाहक खेळाडू वरच्या स्तरावर खेळले आहेत. मात्र कडक उन्हात, सवय नसताना, थांबू न देता घेतलेल्या जीवतोड सरावात अशा खेळाडूचे स्नायू अचानक निकामी होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अशा मृत्यूंनंतर २०१० पासून खेळाडूंची वाहक-तपासणी सुरू केली. उपाय साधा आहे: अहवाल प्रशिक्षकाला माहीत असावा, सराव हळूहळू वाढवावा, पाणी आणि सावली मिळावी, आणि ‘पाय भरून आले’ म्हणणाऱ्या मुलाला लगेच बसू द्यावे. पेटके आलेला खेळाडू कळवळून ओरडतो, स्नायू आखडलेले हाताला लागतात. सिकलसेल वाहक मात्र अशक्त होऊन मुकाट खाली बसतो. हा फरक ओळखता आला पाहिजे.

रॅकेट धरणाऱ्या मुलींच्या हाडांविषयी एक निष्कर्ष मात्र पालकांना सुखावणारा आहे. फिनलंडमधील संशोधकांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांच्या दोन्ही हातांची हाडे मोजून तुलना केली. दुसरा हात हा त्याच शरीरातला, त्याच आहारावर वाढलेला, त्यामुळे फरक पडला तर तो खेळामुळेच. खेळणाऱ्या हाताचे हाड दाट निघाले. ज्यांनी पाळी येण्याआधी किंवा येण्याच्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक फार उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता. पुढे पाच वर्षे याच गटाचा पाठपुरावा झाला. त्या काळात अनेकींनी खेळ बराच कमी केला होता. हाडांतली कमाई मात्र बहुतांशी टिकून होती.