मधाच्या चवीची व्हिस्की

भावजींनी लंडनहून ड्रॅम्बुईची बाटली आणली. वास मधाचा, रंगही तसाच! सासूबाई म्हणाल्या, "खोकल्याला बरं दिसतंय, मुलांना दे गं चमचाभर." लेबल वाचलं नि थबकले. अल्कोहोल ४० टक्के, म्हणजे नेहमीच्या व्हिस्कीइतकंच!

मैत्रिणींनो, स्कॉच व्हिस्कीत हेदरच्या फुलांचा मध, मसाले नि वनस्पती घालून हे पेय करतात. १७४६ साली लढाई हरून स्कॉटलंडच्या स्काय बेटावर लपलेल्या राजपुत्र चार्ल्सने कृती मॅकिनन घराण्याला दिली म्हणे. दंतकथाच असावी!

जेवणानंतर इवल्या ग्लासात, बर्फावर, घोट घोट घ्यायचं. ह्यांच्याबरोबर मीही चाखलं. लाजायचं काय त्यात? बाटली मात्र मधाच्या बरणीशेजारी ठेवू नका. आमची कुलपात असते.